बाय ट्रेन, ऑन द ट्रेन



ज्या भायखळ्यावरून 1853 साली बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी धावली,
आणि जिथे पुढे ट्राम, बस व टॅक्सी यांचीही वर्दळ झाली,
तिथेच उभे राहून आज इंग्रजीतील काही अव्ययांचा विचार करू.

प्रवासाचे केवळ साधन सांगायचे असेल, तर ‘बाय’.
बाय ट्रेन. बाय बस. बाय टॅक्सी.
वाहनाच्या नावाआधी ‘द’ किंवा ‘माय’ आला,
की ‘बाय’चा अंमल संपुष्टात येतो.

आता आपण वाहनात शिरलो.
मराठीत आपण गाडीत असतो, टॅक्सीतही असतो; इंग्रजी मात्र येथे भेद करते.
ज्या वाहनात उभे राहून चार पावले चालता येते, तिथे ‘ऑन’.
ऑन द ट्रेन. ऑन द बस.
सकाळच्या कर्जत लोकलमध्ये चार पावले चालणे
हा अर्थात तात्त्विक अधिकार होय!
जिथे वाकून शिरावे आणि बसूनच राहावे, तिथे ‘इन’.
इन द टॅक्सी.

‘इन द ट्रेन’ सर्वस्वी अशुद्ध नव्हे;
परंतु प्रवाशाच्या तोंडी ‘ऑन’च अधिक शोभते, असे माझे मत आहे.

पुन्हा सांगतो:
साधनाला ‘बाय’, आगगाडी-बसला ‘ऑन’, टॅक्सीला ‘इन’.

उतरतानाही तोच कायदा.
टॅक्सीतून ‘गेट आउट ऑफ’; आगगाडीतून ‘गेट ऑफ’.
आणि स्थानकाच्या नावापूर्वी ‘ॲट’:
आय गॉट ऑफ द ट्रेन ॲट भायखळा.

तेथून राणीच्या बागेत पायी निघालात,
तर ‘बाय’ नको; ‘ऑन फुट’ म्हणावे.