मुखवटा आणि सोंग

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर जामखेडच्या घरोघरी ज्येष्ठागौरी, म्हणजे लोकांच्या बोलीतील महालक्ष्म्या, येतात. वर्षभर पेटीत फडक्यात गुंडाळून ठेवलेले मुखवटे त्या दिवशी बाहेर निघतात आणि कुंकवाच्या पावलांवरून मिरवत घरात आणले जातात. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा व पुरणाचा नैवेद्य होतो, मूळावर निरोप दिला जातो, आणि तेच मुखवटे पुन्हा पेटीत जातात. तीन दिवस जी देवता होती, ती चौथ्या दिवशी पितळ होते; मात्र ते पितळ मोडीत घालावे असे कोणाच्या मनात येत नाही. मुखवट्याचे देवपण त्याच्या घडणीपेक्षा त्याच्याभोवती चालणाऱ्या विधीत अधिक असते, हे त्या घरातील लहान मुलालाही उमगलेले असते. संग्रहालयातील लाकडी मुखवट्यांकडे पाहताना हीच जाण उपयोगी पडते.

जामखेड हा अहिल्यानगर जिल्ह्याचा आग्नेय कोपरा. त्याच जिल्ह्याच्या वायव्येस सह्याद्रीला टेकलेला अकोले तालुका आहे. त्या बाजूस, आणि पुढे नाशिक जिल्ह्याच्या डोंगराळ भागात व जव्हार-मोखाड्याकडे, होळीनंतर पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांत बोहाडा नावाचा उत्सव होतो. कोकणा, वारली, महादेव कोळी इत्यादी समाजांचा हा रात्रीचा उत्सव होय. टेंभ्यांच्या उजेडात, संबळ व पिपाणीच्या तालावर एकेक सोंग नाचत येते. आरंभी गणपती, पाठोपाठ मोरावर बसलेली शारदा, मग रामायण-महाभारतातील व पुराणांतील पात्रे, आणि अखेरीस देवी व महिषासुर यांचे युद्ध. स्त्रीदेवतांची सोंगेही परंपरेने पुरुषच घेतात. कित्येक गावी अमुक सोंग अमुक घराण्याने नाचवावयाचे, असा मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे.

हे मुखवटे पूर्वी लाकडात कोरीत. ते जड असत; म्हणून डोक्याला आधी कापड घट्ट गुंडाळून मग मुखवटा बांधावयाचा. डोळ्यांच्या फटींतून फारसे दिसत नाही. पावलाला वाट दाखवितो तो संबळच. पुढे कागदाच्या लगद्याचे हलके मुखवटे आले. रावणाची दहा तोंडे मस्तकावर पेलून नाचणाऱ्याला त्यांनी मोठाच दिलासा दिला. तथापि लाकडात कोरण्याचे काम त्यामुळे मागे पडले.

पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात बोहाड्याचे मुखवटे पाहावयास मिळतात. ही संस्था 1962 साली स्थापन झाली. शहरातील मनुष्याला ते रंग व ते विस्फारलेले डोळे दिवसाच्या स्वच्छ उजेडात न्याहाळता येतात, ही सोय लहान नव्हे. परंतु जो मुखवटा हलत्या ज्योतीत, दुरून व क्षणभर दिसावा म्हणून रंगविला, तो भिंतीवर निश्चल टांगला की त्याचे निम्मे बोलणे बंद होते.

हा प्रश्न महाराष्ट्रापुरता नाही. आफ्रिकेत नायजेरियाच्या आग्नेय भागात इग्बो लोक राहतात. तेथील अग्बोघो म्मुओ हा लाकडी मुखवटा तरुण कुमारिकेच्या आत्म्याचा मानतात. चेहरा पांढरा, नाक सरळ व नाजूक, मस्तकावर उंच कोरीव केशरचना. आणि तो घालणारा मात्र पुरुष. मुखवटा चढला की तो कोणा अमक्याचा मुलगा राहत नाही, आत्मा होतो; आत कोण आहे हे उघड बोलणे निषिद्ध असते. इंग्रज सरकारचा मानवशास्त्रज्ञ नॉर्थकोट टॉमस याने 1910 ते 1913 या काळात इग्बो प्रदेशात दौरे करून पुष्कळ वस्तू जमविल्या. तो संग्रह केंब्रिज विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. त्याने वस्तूंबरोबर माणसांची छायाचित्रे घेतली आणि मेणाच्या नळकांड्यांवर गाणी व बोलणीही उतरून घेतली. शंभर वर्षांनंतर, 2018 पासून, संशोधक ती चित्रे व ते आवाज घेऊन त्या गावांत परत गेले, तेव्हा लोकांनी आपल्या पूर्वजांचे चेहरे ओळखले. निरनिराळ्या कपाटांत पडलेल्या गोष्टींना पुन्हा घरचा माणूस भेटला.

यातून घेण्यासारखा धडा सरळ आहे. मुखवट्याखालच्या चिठ्ठीवर जमातीचे नाव व लाकडाची जात एवढेच लिहून भागत नाही. तो कोणत्या सोंगाचा, कोणत्या गावचा, कोणी कोरलेला, त्याचा मान कोणत्या घराण्याचा, आणि ते सोंग येताना संबळ कोणत्या चालीवर वाजतो, हे सारे त्याच्याबरोबर जपले पाहिजे. ताल ठाऊक असलेला म्हातारा वाजंत्री हयात आहे तोवरच हे काम होण्यासारखे आहे. मुखवटा शंभर वर्षे टिकतो, मनुष्य टिकत नाही. आणि गावात कोणाला पुन्हा लाकडात कोरावयाचे झाले, तर जुना नमुना समोर ठेवून मापे घेण्यास संग्रहालयाचे दार त्याला उघडे असावे. जामखेडच्या घरातली पेटी हेच करते: मुखवटा सांभाळते, आणि दिवस आला की तो हाती देते.