सराफ्यातील शेगड्या आणि पहिली मिनिटे



इंदूरच्या या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री पेढ्या बंद झाल्या, की त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस व जिलेबीच्या कढया तापू लागतात. गल्ली अरुंद, गर्दी दाट. बंब येईपर्यंतची पहिली मिनिटे आपल्याच हाती असतात.

वायूचा स्वभाव ओळखणे हे पहिले कर्तव्य होय. महाराष्ट्रात दाभोळला जहाजाने येणारा नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सियस तापमानात द्रवरूप असतो. सांडल्यास त्याची वाफ प्रथम जमिनीलगत राहते, परंतु ऊब मिळताच हलकी होऊन वर जाते. आपल्या सिलिंडरमधील वायू मात्र हवेपेक्षा जड. तो खालीच पसरतो, गटारात साचतो आणि दूरच्या ठिणगीनेही पेटतो. त्याची चाहूल लागावी, म्हणूनच त्यात उग्र वास मिसळतात.

वास येताच रेग्युलेटर बंद करावा, आसपासच्या सर्व शेगड्या विझवाव्यात, विजेच्या बटणाला हात लावू नये. लोकांना दूर न्यावे आणि तेथून १९०६ वर कळवावे. आग लागल्यास ११२ वर.

शेजाऱ्यास शेगडी विझविण्यास सांगताना संकोच नको. तळणीचा एक घाणा वाया गेला, तर तो पुन्हा घालता येतो. गेलेला माणूस परत येत नाही.