कण्याची शस्त्रक्रिया आणि वेदनेचे नियंत्रण

मणक्याची शस्त्रक्रिया म्हटली की आपल्याकडे दोन भये एकदमच उभी राहतात : पाय जातील हे एक, वेदना सोसवणार नाही हे दुसरे. पहिल्याविषयी शल्यविशारद सविस्तर बोलतो. दुसऱ्याविषयी मात्र ‘थोडे सोसावे लागेल’ एवढ्यावरच पुष्कळदा भागवले जाते. वस्तुतः हे सोसणे निरुपद्रवी नाही. वेदनेने ग्रासलेला रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कुशीवर वळत नाही. परिणामी छातीत कफ साचतो आणि पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो.

यावरील एक उपाय म्हणजे एपिड्युरल औषधयोजना. मज्जारज्जूभोवती एक चिवट आवरण असते. त्याच्या बाहेरच्या चिंचोळ्या पोकळीत बारीक नळी ठेवून तीतून बधिरीकरणाचे औषध, मॉर्फिनसारखे अफूवर्गीय औषध किंवा दोहोंचे सौम्य मिश्रण सोडतात. कण्याच्या शस्त्रक्रियेत ही जागा बहुधा उघडीच असते. जखम शिवण्यापूर्वी नळी डोळ्यांदेखत बसवता येते. स्पॅनिश लष्करी शल्यविशारद फिदेल पाजेस याने १९२१ साली या पोकळीतून बधिरीकरणाचे ४३ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केले. १९२३ मध्ये तो अपघातात मरण पावला आणि परदेशांत त्याचे नाव बराच काळ अज्ञातच राहिले.

गुण मोठा, तशी जबाबदारीही मोठी. मॉर्फिनमुळे श्वास मंदावण्याचा धोका कित्येक तासांनंतरही संभवतो. म्हणून श्वासाची गती व गुंगी वरचेवर पाहावी लागते, उताऱ्याचे नालोक्सोन हाताशी ठेवावे लागते. रुग्णाला गाढ झोप लागली म्हणून नातलग निश्चिंत होतात, खरी पाहण्याची वेळ तीच. खाज सुटणे, लघवी अडणे यांवर इलाज आहे. पायांतील शक्ती कमी होणे ही बाब निराळी. औषधाने पाय जड होतात हे खरे. परंतु कण्यालगत रक्त साचून मज्जारज्जू दाबला गेला, तरी लक्षण हेच. ‘औषधाचाच परिणाम’ म्हणून परिचारिकेला न सांगता सकाळची वाट पाहिली, तर पाय कायमचे जाऊ शकतात.

नीमच-मंदसौर भागात परवान्याने अफू पिकते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांचा मार्ग पुष्कळ सुकर केला आहे. शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच रुग्णाच्या आप्तांनी भूलतज्ज्ञाला विचारावे, वेदनेची व्यवस्था कोणती आणि रात्री देखरेख कोण करणार?