दुष्काळातला तेरावा महिना
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका बालरोगतज्ज्ञांच्या भाषणाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आजारपणाचा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु मंडळाच्या अंगणात आज तिसरी पिढी खेळते आहे. तिच्या प्रकृतीची चिंता वाहणे हेही मंडळाचे कार्यच आहे, असे मी मानतो. त्यातही मी आज सर्वच मुलांविषयी बोलणार नाही. दमा, हृदयदोष, रक्तविकार असे एखादे दुखणे घेऊनच जी मुले वाढतात, त्यांना सर्दी-खोकल्याची साथ कशी गाठते, एवढाच माझा विषय आहे.

६ जानेवारी २०२५ रोजी आपल्या बेंगळुरूचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले. येथील एका खासगी रुग्णालयात दोन तान्ह्या बाळांच्या तपासणीत एचएमपीव्ही नावाचा विषाणू आढळला होता. मुलगी तीन महिन्यांची, मुलगा आठ महिन्यांचा. सगळीकडे नव्या महासाथीची कुजबुज सुरू झाली. वास्तविक हा विषाणू २००१ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी ओळखून काढलेला, आणि आपल्या देशातही पूर्वीपासून वावरत असलेला. दोन्ही बाळांपैकी कोणीही परदेशी गेलेले नव्हते. दोघांनाही ब्रॉन्कोन्यूमोनिया झाला होता, ही गोष्ट मात्र मथळ्यांच्या गदारोळात मागे पडली. लोक विषाणूचे नाव विचारीत राहिले. वैद्याला त्याहून निराळे दोन प्रश्न पडतात. जंतू एकटा आला आहे की कोणाला बरोबर घेऊन आला आहे? आणि तो कोणत्या मुलाच्या छातीत शिरला आहे?

पहिल्या प्रश्नाचा विचार करू. आपल्या श्वासनलिकेला आतून एक नाजूक अस्तर असते. त्यावरील सूक्ष्म केस अहोरात्र हलत राहून धूळ, कफ आणि जंतू वर लोटीत असतात. ती घरातली केरसुणीच म्हणा ना! इन्फ्लुएंझासारखा विषाणू हे अस्तर सोलून काढतो आणि केरसुणी थांबते. न्यूमोकोकस नावाचा जिवाणू कित्येक निरोगी मुलांच्या नाकात निरुपद्रवीपणे राहत असतो. कुंपण पडल्याचे पाहून तो खाली फुप्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो. विषाणूने दार फोडायचे आणि जिवाणूने घर लुटायचे, असा हा संगनमताचा व्यवहार आहे. याला आम्ही सहसंसर्ग म्हणतो.

१९१८ च्या ज्या साथीला महाराष्ट्रातील जुनी माणसे ‘मानमोडी’ म्हणत, तिने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या साथीत मृत्यू पावलेल्यांच्या फुप्फुसांचे जतन केलेले नमुने अमेरिकेतील संशोधकांनी पुन्हा तपासले आणि २००८ साली निष्कर्ष मांडला, की बहुतेक मृत्यू इन्फ्लुएंझाच्या पाठोपाठ आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले असावेत. पेनिसिलीनचा शोध लागायला तेव्हा दहा वर्षांचा अवकाश होता.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. नाकातील स्रावाच्या आधुनिक तपासणीत दोन-तीन जंतूंची नावे एकदम निघाली, तर ते सर्वच गुन्हेगार असतात असे नाही. काही नुसतेच तेथे राहणारे असतात. म्हणून अहवालापेक्षा मुलाकडे पाहून निर्णय करावा लागतो.

आता दुसरा प्रश्न : मूल कोणते? बेंगळुरूतील बालश्वसनरोगतज्ज्ञ डॉ. एच. परमेश यांनी रुग्णालयात आलेल्या वीस हजार मुलांच्या पाहणीतून दाखविले, की दम्याचे प्रमाण १९७९ साली ९ टक्के होते, ते १९९९ साली २९.५ टक्क्यांवर गेले. हे आकडे रुग्णालयातले आहेत, साऱ्या शहराचे नव्हेत. तरी त्यांची दिशा डोळ्यांआड करता येत नाही. दम्याच्या मुलाच्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या असतात. साधी सर्दीही त्यांना आवळून टाकते. हृदयाच्या पडद्याला मोठे छिद्र असलेल्या बाळाच्या फुप्फुसात प्रमाणाबाहेर रक्त जात असते. त्याला संसर्गाचा भार पेलत नाही. ज्या मुलाला गिळण्याचा त्रास आहे, त्याचे अन्न श्वासमार्गात उतरते. मूत्रपिंडाच्या विकारासाठी जे मूल दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेते, त्याची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते आणि म्हणून तापही कधी कधी फसवा, सौम्य दिसतो.

विदर्भातून येथे आलेल्या कुटुंबांना सिकलसेलचा आजार परका नाही. त्यात प्लीहा लहान वयातच निकामी होते आणि न्यूमोकोकसविरुद्धचा एक महत्त्वाचा पहारेकरी नाहीसा होतो. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, अशा बालकांना रोज पेनिसिलीन दिल्याने या जंतूचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले. सिकलसेलच्या मुलाला ताप आला, तर ‘उद्या पाहू’ हे शब्द उच्चारू नयेत. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

अशा मुलांच्या बाबतीत दुसरा संसर्ग म्हणजे खरोखरच दुष्काळातला तेरावा महिना. तो ओळखावा कसा?

याचे उत्तर आपल्या गडचिरोलीने जगाला दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८८ साली तेथील खेड्यांत न्यूमोनियाविरुद्ध प्रयोग आरंभिला. गावातल्याच माणसांना बाळाचे श्वास मोजण्यास आणि औषध देण्यास शिकविले. पुढे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रयोगाच्या गावांतील न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. अल्पशिक्षित सुईणीला जे साधले, ते येथील पदवीधर मातापित्यांना का साधू नये?

मूल शांत असताना, रडत नसताना, त्याचे पोट उघडे करून घड्याळात पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक श्वास भरले, तर विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे. बरगड्यांखाली खळगा पडणे, कण्हणे, दूध-पाणी न घेणे, ओठ निळसर होणे, गुंगीत पडून राहणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो वा सण, थांबू नये. आणखी एक खूण ध्यानात ठेवा : सर्दी-ताप उतरून मूल हसू-खेळू लागले आणि तीन-चार दिवसांनी ताप पुन्हा चढला, तर तो पहिल्याच आजाराचा शेष समजू नका. दाराआडून दुसरा पाहुणा आत आलेला असू शकतो. अशा वेळी मागच्या खेपेची उरलेली अँटिबायोटिकची बाटली काढणे मात्र सर्वथैव टाळावे. ते औषध विषाणूवर चालत नाही, आणि अर्धवट दिल्याने जिवाणू निर्ढावतात.

प्रतिबंधाची साधने आज हाताशी आहेत. न्यूमोकोकसची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये तिचा देशभर विस्तार झाला. ती सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते. पहिली भारतीय बनावटीची अशी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०२० मध्ये आणली, याचा आपल्याला रास्त अभिमान वाटावा. इन्फ्लुएंझाची लस मात्र दरवर्षी स्वतः होऊन घ्यावी लागते. जुनाट विकाराच्या मुलाला ती सहा महिन्यांच्या वयानंतर, शक्यतो पावसाळ्यापूर्वी द्यावी. स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांनी कोणती लस केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आता थोडे घरातले बोलतो. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. बाळाला ओव्याची धुरी देणे, नाकात तेलाचे थेंब सोडणे, हे मायेने चालत आलेले उपचार आहेत. पण धूर सुजलेल्या श्वासनलिकेला अधिक सुजवितो आणि नाकातले तेल फुप्फुसात उतरून निराळाच न्यूमोनिया करू शकते. आजीच्या मायेला मांडी, अंगाई आणि गरम पेज यांची वाट मोकळी आहे. तेवढी धुरी आणि नाकातले तेल सोडावे.

दुसरी गोष्ट शब्दाची. आपल्याकडे ‘दमा’ हा शब्द उच्चारायची चोरी असते. ‘कफाची प्रकृती आहे’, ‘जरा बाळदमा होता’, असे म्हणून विषय मिटवितात. मुलगी असेल तर पुढे लग्नात अडचण येईल, म्हणून शाळेतही कळवीत नाहीत. पंपाची सवय लागेल या भीतीने मूल बरे दिसताच औषध थांबवितात आणि पुढची साथ ते मूल निःशस्त्र अवस्थेत गाठते. श्वासावाटे घ्यायच्या प्रतिबंधक औषधाची मात्रा अल्प असते. ते डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद करू नये. लपविलेला रोग शेजाऱ्यापासून लपतो, जंतूपासून लपत नाही.

आणि शेवटची गोष्ट परगावी राहणाऱ्यांची. आपले जुने डॉक्टर कोल्हापूरला किंवा नागपूरला, कागदपत्रे निम्मी तिकडे, निम्मी येथे. मध्यरात्री अनोळखी डॉक्टरांसमोर उभे राहिल्यावर आईला औषधाचे नाव आठवत नाही, आणि आठवले तरी कन्नडमध्ये सांगता येत नाही. म्हणून माझी विनंती आहे, की अशा प्रत्येक मुलाच्या घरी एका पानावर विकाराचे नाव, चालू औषधे व मात्रा, घेतलेल्या लसी, न सोसणारी औषधे, वजन आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दूरध्वनी इंग्रजीत लिहून ठेवावा. मंडळाने हे पान छापून सभासदांना द्यावे. गणेशोत्सवात कोणाच्या मुलाला खोकला असेल तर ते कुटुंब घरी राहिल्याबद्दल कोणी बोल लावू नये. उलट प्रसाद त्यांच्या दारी पोचवावा. गर्दीत दुसरे एखादे हृदयाचे छिद्र घेऊन आलेले बाळ आईच्या कडेवर असेल, आणि ते आपल्याला दिसत नसते.

पन्नास वर्षांपूर्वी परक्या शहरात एकमेकांना धरून राहण्यासाठी हे मंडळ स्थापन झाले. ज्या घरी मूल नाजूक आहे, त्या घराला ते एकटे नाही असे वाटावे, एवढे आपल्या हातून घडो, अशी इच्छा व्यक्त करतो.