गाडीच्या इंजिनात कोणतं तेल?

आम्ही चिखल्याच्या बचत गटातल्या बाया बोलतो आहोत.

आमच्या गटानं कर्ज काढून जुना छोटा हत्ती घेतला. धान आणि भाजी तुमसरला न्यायची, भाड्यातून हप्ता फेडायचा, असा बेत. ऑईल बदलायची वेळ आली तेव्हा खर्च ऐकून सगळ्या गप्प झालो. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या खासराच्या आसाले एरंडीचंच तेल लागे. तुमच्या इंजनाले काहून नाही चालत?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एका मोठ्या ऑईल कंपनीचं कॅस्ट्रॉल हे नावच एरंडीच्या इंग्रजी नावावरून, कॅस्टरवरून, आलं. पहिल्या महायुद्धात कितीतरी विमानांच्या इंजिनांत एरंडीचं तेल घालत. हे तेल घट्ट आणि चिवट, तापलं तरी धातूला धरून राहतं. पण त्या इंजिनांत तेल एकदा फिरून बाहेर फेकलं जाई, आणि इंजिनही वारंवार खोलून साफ करावं लागे. आपल्या गाडीत तेच तेल महिनोन्‌महिने फिरतं. एरंडीचं तेल तापून तापून डिंकासारखं चिकटतं, बारीक वाटा बुजतात आणि इंजिन जाम होतं. बैलगाडीचा आस इतका तापत नाही, म्हणून तिथं ते चालतं.

मग जवसाचं? दाराच्या लाकडाला जवसाचं तेल लावलं की चार दिवसांत वाळून पापुद्रा धरतो. इंजिनात तो धरला तर काय होईल, सांगायला नको. मोहाच्या बियांचं तेल आपल्याकडच्या थंडीत तुपासारखं गोठतं. सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर तेल वर चढायला हवं, गोठलेलं तेल कसं चढणार?

इंजिनातलं तेल चार कामं करतं. घासणं कमी करतं, उष्णता वाहून नेतं, काजळी धरून ठेवतं आणि पिस्टनच्या कडेची फट बुजवतं. ही सगळी कामं जमावीत म्हणून त्यात वेगळी रसायनं मिसळलेली असतात. घाण्यावरच्या तेलात ती नसतात.

तरी साध्या ऑईलला खरे पर्याय दोन आहेत. एक, सिंथेटिक ऑईल. ते महाग, पण उष्णतेत लवकर खराब होत नाही. दुसरं, वापरलेलं ऑईल कारखान्यात शुद्ध करून, त्यात पुन्हा रसायनं मिसळून केलेलं ऑईल. दोन्ही घेताना डब्यावरचे आकडे गाडीच्या पुस्तकाशी जुळवून बघा. समजा २० डब्ल्यू ४० लिहिलं आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या पातळपणाचा, नंतरचा तापल्यावरच्या घट्टपणाचा. सुटं, बिनलेबलचं ऑईल स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. कारचं ऑईल मोटारसायकलमध्येही घालू नका, क्लच घसरू शकतो.

हिशेब लिटरवर करू नका, किलोमीटरवर करा. समजा, १,२०० रुपयांचं ऑईल ५,००० किलोमीटर चाललं आणि १,८०० रुपयांचं १०,००० किलोमीटर, तर महागच स्वस्त पडलं. मात्र पुस्तकात तेवढी मुदत दिली असेल तरच.

आता निघालेलं काळं ऑईल. आपण ते नालीत ओततो, गुरांच्या जखमेला लावतो, चूल पेटवायला वापरतो. हे थांबवू या. त्यात झिजलेल्या धातूचे कण आणि कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं असतात. २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात धरलं आहे. झाकणाच्या डब्यात साठवा आणि जुनं ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजलाच द्या. शुद्ध होऊन तेच पुन्हा कामी येतं.

आमच्या गटानं ठरवलं, पुस्तकात लिहिलेलंच ऑईल, पक्कं बिल आणि बदलल्याची तारीख वहीत. आपल्या गावच्या खाणीतलं मँगनीज पोलाद मजबूत करतं, पण चुकीच्या तेलापुढं पोलादही झिजतं. इंजिन गेलं तरी हप्ता थांबत नाही.

सासूबाईंचं एरंडीचं तेल मात्र आम्ही टाकलं नाही. ते खासराच्या आसालाच ठेवलं आहे.