डाग एक, कारणं अनेक



मी छातीचे सीटी स्कॅन वाचणारी डॉक्टर आहे. घरात कुणाचा इंग्रजी रिपोर्ट आला की तो वाचायला तुम्हालाच बोलावतात, म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे.

रिपोर्टमध्ये ‘सजेस्टिव्ह ऑफ कॉक्स’ असं लिहिलेलं असतं. रॉबर्ट कॉकनं 1882 साली क्षयाचा जंतू शोधला, म्हणून टीबीला हे नाव पडलं. पण ‘सजेस्टिव्ह’ म्हणजे शक्यता, निकाल नव्हे.

एक्स-रेमध्ये बरगड्या, हृदय, रक्तवाहिन्या एकावर एक दिसतात. सीटी छातीचे पातळ काप दाखवतं. मग आम्ही पाहतो, डाग कुठे आहे, कसा आहे, कसा पसरलाय.

टीबी बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात असतो. तिथे पोकळी दिसते, आसपास कळ्या फुटलेल्या फांदीसारखे ठिपके दिसतात. पण असे ठिपके इतर संसर्गांतही असतात.

वर्षानुवर्षं दगडाची धूळ श्वासात गेलेल्या कामगाराला सिलिकोसिस होतो. त्याच्याही गाठी वरच्याच भागात असतात. त्या बारीक आणि दोन्ही बाजूंना असतात. कधी ग्रंथींच्या कडेला अंड्याच्या कवचासारखा कॅल्शियमचा थर दिसतो. सिलिकोसिस असलेल्याला टीबीचा धोकाही जास्त, म्हणजे दोन्ही एकत्र असू शकतात.

सार्कॉइडोसिसमध्ये दोन्हीकडच्या ग्रंथी बऱ्याचदा सारख्याच सुजतात. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची ॲलर्जी असेल, तर फुफ्फुस धुरकट दिसतं आणि काही भागांत हवा अडकून राहते.

हा फरक का महत्त्वाचा? सार्कॉइडोसिसला अनेकदा स्टेरॉइड देतात. पण तो आजार टीबी असेल, तर नुसत्या स्टेरॉइडनं तो बळावू शकतो. उलट, टीबी नसताना महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या घेतल्या, तर यकृताला त्रास होऊ शकतो आणि खरा आजार तसाच वाढत राहतो. कबुतरांच्या आजारात पहिलं औषध म्हणजे कबुतरांपासून दूर राहणं.

म्हणून ‘बेडका तपासलाय का?’ हे विचाराच. सीबीनॅट तपासणीत टीबीचा जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन हे औषध त्याच्यावर चालेल का, दोन्ही कळतं. सरकारी केंद्रात ती मोफत होते. कधी बायोप्सीही लागते.

मात्र प्रत्येक खोकल्याला सीटीचा हट्ट धरू नका. एका सीटीत कित्येक एक्स-रेंइतकं रेडिएशन असतं. जुन्या फिल्म आणि सीडी जपून ठेवा. जुना डाग तसाच आहे की वाढलाय, हे त्यांच्यावरूनच ठरतं.

रिपोर्टच्या शेवटी ‘क्लिनिकल कोरिलेशन’ असं असतं. त्याचा अर्थ, चित्र माणसाशी ताडून पाहा. अब्बांनी कुठल्या कारखान्यात किती वर्षं काम केलं, अम्मी कुठल्या धुरात स्वयंपाक करते, गच्चीवर कबुतरं आहेत का, हे मशीनला माहीत नसतं. तुम्हाला असतं. डॉक्टरांना ते न विचारताही सांगा.