मेंदू दिसायला ठीक होता

आजचा विषय थोडा जड आहे. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. पण गेले काही दिवस एक केस डोक्यातून जातच नाहीये.

सप्टेंबर २००२, अमेरिकेतलं पिट्सबर्ग. माइक वेबस्टर ५० व्या वर्षी गेला. पिट्सबर्ग स्टीलर्सचा हिरो, चार सुपर बोल जिंकलेला. (हा अमेरिकन फुटबॉल हं, धडकाधडकीचा. आपला मेस्सीवाला नाही.) शेवटची वर्षं मात्र हाल. विसरायचा, भडकायचा, कधी पिकअप ट्रकमध्येच झोपायचा.

पोस्टमॉर्टेम केलं बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरने. मेंदू बाहेरून पाहिला, तर अगदी नॉर्मल. दुसऱ्या कुणी इथेच फाइल बंद केली असती. ओमालूने मेंदू जपून ठेवला, पातळ काप करवून त्यांना रंग द्यायला लावला. मायक्रोस्कोपखाली दिसले टाऊ प्रोटीनचे गुंते.

आता टाऊ काही व्हिलन नाही. मेंदूच्या पेशीतून लांब तंतू निघतो, त्यात माल वाहून न्यायला बारीक नळ्या असतात. त्या नळ्यांना टाऊ धरून ठेवतं. डोकं हिसकलं की तंतू ताणले जातात. टाऊवर जास्तीचं फॉस्फेट चिकटतं, ते नळीपासून सुटतं आणि त्याचाच गुंता होत जातो. अल्झायमरमध्येही टाऊ साचतं, पण या आजाराची खूण वेगळी: मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती. नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, म्हणजे सीटीई.

मला सगळ्यात जास्त काय टोचलं सांगू? यासाठी बेशुद्ध पडावं लागत नाही. वेबस्टर सेंटरला खेळायचा. बॉल मागे द्यायचा आणि लगेच समोरच्याला धडकायचं. डावामागून डाव, १७ सीझन. एकेक धडक किरकोळ, कुणी मोजणारही नाही. हेल्मेट कवटी वाचवतं, आतला मेंदू हलायचा तो हलतोच. (बाईकवर हेल्मेट घालाच, उगाच भलता अर्थ काढू नका!)

तसं हे अगदी नवीन नव्हतं. बॉक्सर लोकांची अशी अवस्था होते हे हॅरिसन मार्टलंडने १९२८ मध्येच लिहिलं होतं. तरी ओमालूचा पेपर २००५ मध्ये आला, तेव्हा एनएफएलच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्या म्हणून मागणी केली. फुटबॉल आणि सीटीईचा संबंध आहे, हे लीगच्या अधिकाऱ्याने उघड मान्य करायला २०१६ उजाडलं. मला हा निव्वळ निर्लज्जपणा वाटतो.

२०१७ मध्ये एनएफएल खेळलेल्या १११ जणांचे मेंदू तपासले, ११० मध्ये सीटीई. रील्सवाले हा आकडा धाडकन फेकतात. पण ते मेंदू दान केलेले होते, आणि त्रास दिसला म्हणूनच बऱ्याच घरच्यांनी ते दिले असणार. म्हणजे शंभरातल्या नव्याण्णव खेळाडूंना सीटीई होतो, असं यातून निघत नाही.

आणि आज खेळणाऱ्या एखाद्याने विचारलं, मला आहे का? तर जिवंतपणी पक्कं सांगणारी टेस्ट अजून नाही. खात्री होते ती मेल्यावर, मेंदूचे काप रंगवून.